दोरा तुटला कुठे, ते आधी बघा

उन्हाळा सरत आला की हा प्रश्न हमखास येतो. "भाऊ, दिवाळीत घेतलेली फ्लाय लाइन तडकली. महागाची होती. आता काय करू?" त्याच्या मागोमाग दुसरा: "तंगूसच्या (नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याच्या) पाकिटावर पाच किलो लिहिलंय अन् दीड किलोच्या मरळीनं तोडला. डुप्लिकेट माल आहे का?" मग कोणीतरी दुसऱ्या कंपनीचं नाव सुचवतो, विचारणारा ती लाइन मागवतो आणि पुढच्या जून महिन्यात तोच माणूस तडकलेल्या लाइनीचा तसाच फोटो घेऊन हजर होतो.

कंपनी बदलण्याआधी एक काम करा. रीळवरची सगळी लाइन उतरवा, ओसरीत जुनी चादर अंथरून तिच्यावर मोकळी वेटोळी घाला आणि टोकापासून बोटांच्या चिमटीतून काढत चला. लाइन कुठे बिघडली त्यावरून ती कशानं बिघडली हे जवळजवळ पक्कं कळतं. टोकाच्या गाठीजवळचा तडा, पहिल्या दहा मीटरमधल्या बारीक चिरा, सगळ्या लाइनला आलेला चिकटपणा आणि माशाजवळ तुटलेला तंगूस ही चार वेगळी दुखणी आहेत. त्यांची औषधंही वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं की पैसे जातात.

नव्या लोकांसाठी आधी थोडी ओळख करून देतो, बाकीच्यांनी पुढे जावं. साध्या गरीला शिसं असतं, त्याच्या वजनावर दोरा लांब जातो. फ्लाय म्हणजे पिसं आणि धाग्यांची बांधलेली खोटी माशी नाहीतर बेडकी. तिला वजन जवळपास नसतंच, म्हणून फेकण्यापुरतं वजन लाइनमध्येच घातलेलं असतं. लाइनचा नंबर हा पहिल्या ३० फुटांच्या, म्हणजे साधारण ९ मीटरच्या वजनावरून ठरतो. ५ नंबरची लाइन त्या लांबीत १४० ग्रेन भरते, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. ८ नंबरची २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. पूर्ण लाइन बहुतेक वेळा २७ मीटरची असते. आत नायलॉनचा गाभा, बाहेर पीव्हीसीचा लेप. लेप मऊ राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात आणि लाइन तरंगावी म्हणून काचेचे पोकळ, डोळ्याला न दिसणारे मणी. काही कंपन्या पीव्हीसीऐवजी पॉलियुरेथेन वापरतात. लाइनच्या मागे रीळवर बॅकिंगचा धागा, पुढे निमुळता होत जाणारा लीडर आणि अगदी शेवटी टिपेट. टिपेट म्हणजे आपला बारीक तंगूसच.

ताण सोसतो तो गाभा आणि झिजतो तो लेप. म्हणून फ्लाय लाइन सहसा तुटत नाही, तडकते. तुटतो तो टिपेट.

ऊन, टिन आणि डिक्की

विदर्भातल्या लाइनींचा सगळ्यात मोठा शत्रू मासाही नाही अन् दगडही नाही. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि तो सावलीतला पारा असतो. टिनाच्या छपराखालच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत लाइनीला काय सोसावं लागत असेल ते तुम्हीच बघा. उष्णतेनं लेपातला प्लास्टिसायझर हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि निघून जातो. आधी लाइन हाताला तेलकट, चिकट लागते. तो गेला की लेप कडक होतो आणि कडक लेप वाकवला की चिरतो. म्हणजे ज्या लाइनीवर चार महिन्यांत एक मासासुद्धा लागला नाही, ती नुसती डिक्कीत पडून संपू शकते.

दुसरी गोष्ट जास्त लोकांना माहीत नाही. बाजारातल्या बऱ्याच फ्लाय लाइनी थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी बनवलेल्या असतात. दहा-बारा अंशांच्या पाण्यातही लाइन लवचीक राहावी म्हणून त्यांचा लेप मुद्दाम मऊ ठेवतात. तीच लाइन एप्रिलमध्ये मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर नेली की ढिली पडते, रॉडच्या दोन रिंगांमध्ये झोळासारखी लोंबते, रिंगेला घासत जाते आणि लांब जातच नाही. माणसाला वाटतं लाइन मळली, म्हणून तो रगडून धुतो. कोणी तेल लावतो. दोन्हींनी काही होत नाही, कारण लाइन बिघडलेलीच नाही, ती चुकीच्या हवेत आलेली आहे. उष्ण प्रदेशासाठीच्या लाइनीत बहुतेक वेळा एकपदरी नायलॉनचा ताठ गाभा आणि कडक लेप असतो. पाकिटावर ट्रॉपिकल किंवा वॉर्मवॉटर असं लिहिलेलं असतं ते हेच.

पण डिसेंबरात गोंदियाचं किमान तापमान दहाच्या खाली उतरतं. तेव्हा सकाळी ट्रॉपिकल लाइन रीळवरून वेटोळीच्या वेटोळी उतरते आणि पाण्यावरही तशीच पडून राहते. दोन लाइनी परवडत नसतील तर काय घ्यावं? माझं मत सरळ आहे: ट्रॉपिकल घ्या. थंडीतली वेटोळी हातानं ताणून काढता येतात. हातभर लाइन दोन मुठींत धरायची, बेतानं ताणायची, पाच-सात सेकंद धरून ठेवायची आणि पुढचा हातभर घ्यायची. दहा मिनिटांचं काम आहे. उन्हानं ढिल्या पडलेल्या ट्राउट लाइनीवर मात्र असा कोणताच उपाय नाही.

टोकाजवळचा तडा

लाइन आणि लीडर जिथे जोडतात तो शेवटचा वीतभर भाग आधी भिंगाखाली धरा. गाठ ताठ, लाइन मऊ. त्यामुळे प्रत्येक फेकीला लाइन त्याच एका जागी बिजागरीसारखी वाकते. तिथे लेपाला गोल चीर पडते आणि चिरेतून पाणी गाभ्यात शिरतं. विणलेला गाभा असेल तर ते पाणी वातीतल्या तेलासारखं वर चढतं. लक्षण ओळखायला सोपं आहे: बाकीची लाइन तरंगते आणि टोकाचा हात-दीड हात भाग बुडतो.

पण मळलेली लाइनही बुडते, म्हणून दोन्हींतला फरक आधी काढा. टोक कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, पुसा, वाळू द्या आणि बादलीत सोडा. आता तरंगलं तर मळ होता. तरीही फक्त टोकच बुडालं तर तडा आहे. खात्री करायची असेल तर कापडाच्या निळीचं घट्ट पाणी करून टोक त्यात थोडा वेळ बुडवा आणि ओल्या फडक्यानं पुसा. सपाट लेपावरची नीळ निघून जाते, चिरेतली राहते. फिकट रंगाच्या लाइनीवर ही निळी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते. हे फक्त टोकावरच करा, सगळी लाइन निळीत घालू नका.

उपाय म्हणजे तडकलेला तुकडा कापायचा. तडा वीतभराच्या आत असेल तर तेवढं कापल्यानं फेकीत काही फरक जाणवत नाही. नव्या टोकावर नेल नॉट या गाठीनं लीडरचा जाड तुकडा बांधा आणि गाठीवर लवचीक वॉटरप्रूफ गोंदाचा पातळ थर द्या. टपरीवर मिळणारा झटपट चिकटणारा गोंद इथे चालत नाही. तो काचेसारखा कडक सुकतो आणि जिथे त्याची हद्द संपते तिथेच पुढचा तडा जातो. घाईत असणारे लोक तोच लावतात आणि महिन्याभरात परत विचारायला येतात.

पहिल्या दहा मीटरमधल्या चिरा

टोक ठीक आहे आणि पुढच्या दहा-बारा मीटरवर जागोजागी बारीक आडव्या चिरा आहेत, तर लाइनीला दोष देऊ नका. मागची फेक पूर्ण सरळ व्हायच्या आत हात पुढे आणला की लाइन चाबकासारखी कडाडते. तो आवाज ऐकायला भारी वाटतो, पण लाइनीचं टोक आणि टिपेट त्यात मार खातात. फ्लाय उडून मागच्या बेशरमीच्या झुडपात जाऊन पडते तीही याच कारणानं. मित्राला बाजूला उभं करा आणि मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढायला सांगा, लगेच दिसेल. लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायला शिका. हवेतल्या हवेत पाच-सहा वेळा मागेपुढे करण्याची हौसही कमी करा. दोन वेळा पुरे.

चिरा फक्त एका बाजूला, लांबट ओरखड्यासारख्या असतील तर दोष रॉडच्या रिंगांचा. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण पूर्व विदर्भात हे फार होतं. लाइनीचा लेप काही स्टीलला कापत नाही. पण ओल्या लाइनीला चिकटलेली वाळू कापते. वैनगंगेच्या वाळूत गारगोटीचे कण भरपूर असतात. गारगोटीची कठीणता मोहस मापावर ७, साध्या स्टीलपेक्षा जास्त. लाइनीवर बसलेले ते कण रोज त्याच जागेवरून ओढले जातात आणि रिंगेत केसाएवढी खाच पाडतात. मग ती खाच लाइन सोलायला लागते. सगळ्यात आधी झिजते ती टोकाची रिंग, कारण तिथे लाइन सगळ्यात जास्त कोनात वळते.

डोळ्याला ही खाच दिसत नाही. कापसाचा थोडा बोळा घ्या, रिंगेच्या आतून सगळ्या बाजूंनी हळू फिरवा. एखादा तंतू अडकला की खाच तिथेच आहे. आपल्याकडे कापसाची काय कमी! जुना नायलॉनचा मोजा असेल तर तो आणखी चांगला, तो लगेच अडकून उसवतो. खाच पडलेली रिंग पॉलिश पेपरनं घासून काही दिवस चालवता येते, पण स्टीलवरचा कडक मुलामा एकदा गेला की ती पुन्हा झिजणारच. टोकाची रिंग बदलणं स्वस्त काम आहे. गरम गोंदानं बसवलेली असते, मेणबत्तीच्या आचेवर ऊब दिली की निघते. आच रॉडला लागू देऊ नका.

अमरावती-यवतमाळकडच्या मित्रांची तक्रार वेगळी असते. तिकडे काळ्या दगडाच्या धारेवर लाइन घासते आणि पाण्यातला चिकण गाळ तिच्यावर बसतो. गाळ खाच पाडत नाही, पण लाइन जड करतो. ती नीट धुतली की बऱ्याचदा तक्रार तिथेच संपते.

सगळी लाइन चिकट

उष्णता सोडून याचं दुसरं कारण तुमच्या हातावर असतं. संध्याकाळी पाळीवर डास फोडून काढतात, म्हणून माणूस हाताला मलम चोळतो आणि त्याच हातानं लाइन ओढतो. डास पळवणाऱ्या मलमांत डीट किंवा त्याच जातीचं रसायन असतं आणि डीट पीव्हीसीला मऊ करतं, विरघळवतं. प्लास्टिकच्या घड्याळाच्या पट्ट्यावर आणि चष्म्यावर त्याचे डाग पडलेले पाहिले असतील. उन्हापासून बचावाची क्रीम, पेट्रोल आणि ग्रीससुद्धा तेच करतात. रस्त्यात गाडीची चेन चढवली आणि तसाच येऊन रॉड जोडला, असं आपल्यापैकी कोणी केलं नाही? मलम मनगटाच्या वर लावा, तळवे साबणानं धुवा आणि मगच लाइनीला हात लावा. लेप एकदा विरघळून गिचका झाला तर तो भाग पूर्वीसारखा होत नाही.

तंगूस तुटला तर तुटलेलं टोक फेकू नका

आता शेवटच्या, तंगूसच्या दुखण्याकडे. टिपेट तुटला की माणूस वैतागून पुढचा बांधतो. तुटलेलं टोक हाच खरा पुरावा असतो, तो भिंगाखाली धरा.

टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर तंगूस तुटलेलाच नाही, गाठ घसरून सुटली आहे. गाठीचे वेढे कमी पडले किंवा टोक फार जवळून कापलं.

टोक सरळ, आखूड आणि अगदी गाठीपाशीच तुटलेलं असेल तर गाठ कोरडी आवळली. नायलॉन नायलॉनवर घासतं, गरम होतं आणि तिथेच कमजोर पडतं. गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. ही जुनी रीत आहे आणि बरोबर आहे.

टोक खरबरीत, तुसं निघालेलं असेल आणि त्याच्या वरच्या बाजूलाही बोटाला खरखर लागत असेल तर ती घासणी. गोसेखुर्द धरणातल्या बुडीत झाडांच्या खोडांवर, तलावाच्या तळातल्या शिंपल्यांच्या धारेवर, शिंगाड्याच्या काट्यांवर तंगूस असाच जातो. मरळीचे दातही हेच काम करतात. मरळीसाठी शेवटचा तुकडा ०.४० मिलिमीटर किंवा त्याहून जाड ठेवा. ५एक्स या जाडीच्या नंबरचा बारीक टिपेट ०.१५ मिलिमीटरचा असतो, तो मरळीसाठी नाहीच.

टोक पांढुरकं, ताणून बारीक झालेलं असेल तर खरोखरच ताकदीपेक्षा जास्त ओढ बसली. रीळचा ब्रेक तपासा. टिपेटच्या ओल्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ब्रेक सुटला पाहिजे.

आणि टोकाच्या जवळपास कुठे साधी आढी पडलेली दिसली तर पुढे काही शोधू नका. वाऱ्यात किंवा वाईट फेकीत अशा आढ्या आपोआप पडतात आणि तंगूसची ताकद जवळपास निम्म्यावर आणतात. सैल असेल तर सुईनं सोडवा, आवळली असेल तर तुकडा बदला.

आमच्याकडचे एक ढिवर (मासेमार) काका, ज्यांचं सगळं आयुष्य डोंग्यावर (छोट्या होडीवर) गेलं, प्रत्येक माशानंतर तंगूसचा शेवटचा हातभर ओठांतून ओढून बघतात. मी विचारलं तर म्हणाले, "डोक्याले नको पुसू जी, ओठाले पूस. बोटाले घट्टे पडले, त्याले आता का समजते?" मी तेव्हापासून तसंच करतो. बोटाला न कळणारी खरखर ओठाला खरंच कळते. पाणी घाण असेल तर मात्र आधी पुसून घ्या.

तंगूस विकत घेतानाच मेलेला असू शकतो. नायलॉनला पाण्यानं कूज लागत नाही, पण ऊन त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं. सुताची जाळी पाण्यात कुजायची, म्हणून ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करायचे आणि उन्हात वाळवायचे. नायलॉनचं जाळं आलं आणि हिशोब उलटा झाला. ते सावलीतच वाळवावं लागतं. बारीक धागा जाड धाग्यापेक्षा लवकर मरतो, कारण त्याच्या जाडीच्या मानानं उन्हाला लागणारा पृष्ठभाग जास्त. आठवडी बाजारात दुपारभर उन्हात टांगलेली बंडलं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. फ्लुरोकार्बनचा तंगूस उन्हाला जास्त दाद देत नाही आणि पाणीही शोषत नाही. पण तो पाण्यात लवकर बुडतो, वरच्या वर बेडकी नाचवायची असेल तर नायलॉनच बरा.

ताकद घरी कशी मोजायची

पाकिटावरचा आकडा आधी नीट वाचा. पुष्कळ पाकिटांवर तो पाउंडात असतो. १० पाउंड म्हणजे साडेचार किलो, दहा किलो नव्हे. अर्धे "डुप्लिकेट" तंगूस इथेच अस्सल ठरतात.

दुसरं, नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की थोडं कमजोर होतं. म्हणून १९३९ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन जागतिक विक्रमांसाठी दोऱ्याची ताकद ओल्या अवस्थेतच तपासते. आपणही तसंच करायचं. तंगूस दोन तास पाण्यात बुडवून ठेवा.

मग एक गुळगुळीत काचेची बाटली नाहीतर पाइपचा तुकडा पक्का बांधून ठेवा आणि तंगूसचे सहा-सात वेढे त्यावर घेऊन टोक चिकटपट्टीनं लावा. गाठ मारायची नाही, कारण गाठ मारली की तंगूस गाठीतच तुटतो आणि तुम्ही तंगूसऐवजी गाठ मोजता. प्रयोगशाळेच्या ताण यंत्रातही धागा असाच गोल खुंट्यावर गुंडाळून धरतात. तंगूसचं दुसरं टोक ताणकाट्याला किंवा प्रवासाच्या बॅगा मोजायच्या लटकत्या काट्याला असंच वेढे घेऊन लावा आणि हळूहळू, झटका न देता ओढा. डोळ्यावर चष्मा हवा आणि ओढीच्या रेषेत तोंड नको. तुटलेला तंगूस बंदुकीच्या छऱ्यासारखा येतो. एका ओढीवर भरवसा ठेवू नका. पाच तुकडे घ्या आणि सरासरीबरोबर सगळ्यात कमी आकडाही लिहा. मासा तुमची सरासरी बघत नाही, तो सगळ्यात कमजोर जागी तोडतो.

आता तोच तंगूस तुमच्या नेहमीच्या गाठीनं गरीला बांधून ओढा. गरीचं टोक पक्कडीनं दाबून टाका किंवा तिच्याऐवजी लोखंडी कडी वापरा. बिनगाठीच्या ताकदीच्या ८० ते ९० टक्के आले तर गाठ चांगली. साठीच्या आसपास राहिले तर महागडा तंगूस आणून काही मिळणार नाही, गाठ शिका. ही एक मोजणी कोणत्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी आहे आणि तिला खर्च फक्त काट्याचा.

जाळ्यांसाठी हेच काम आंतरराष्ट्रीय मानकांनुसार होतं: आयएसओ १८०५ मध्ये जाळ्याच्या धाग्याची आणि त्याच्या गाठीची ताकद, आयएसओ १८०६ मध्ये जाळ्याच्या एका डोळ्याची ताकद. कोचीची केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून जाळी आणि त्यांच्या साहित्यावर काम करते. उन्हाचा परिणाम बघायचा असेल तर धागे एकतर छपरावरच्या चौकटीत महिनोन्‌महिने ताणून ठेवतात किंवा झेनॉनच्या दिव्याखाली ठेवून ते काम लवकर उरकतात, आणि अधूनमधून तुकडे काढून किती ताकद उरली ते मोजतात. तुम्हीही करू शकता. एका बंडलातला थोडा तंगूस डब्यात अंधारात ठेवा, थोडा छपरावर बांधा आणि होळीपासून मृगापर्यंत दर महिन्याला दोन्ही ओढून बघा. एकदा केलंत की बंडल खिडकीत ठेवायची सवय आपोआप सुटेल.

फ्लाय लाइनीची परीक्षा वेगळी असते. तिथे प्रश्न ती कितीला तुटते हा नसून किती वाकल्यावर लेप चिरतो हा असतो. म्हणून ती भार देऊन छोट्या पुलींवरून किंवा रिंगांमधून हजारो वेळा पुढेमागे ओढतात आणि लेप कधी उघडा पडतो ते बघतात. घरी एवढं जमणार नाही. लाइन पेन्सिलवर एक वेढा गुंडाळा, बाहेरच्या वळणावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि फिरवत पुढे सरका. चीर असेल तर सावलीची काळी रेघ दिसते. काडेपेटीच्या काडीवर गुंडाळू नका, एवढ्या वळणाला चांगली लाइनही दुखावते.

धुणं आणि ठेवणं

कोमट पाणी, हात धुवायच्या साबणाचे दोन-चार थेंब, मऊ फडकं. कपडे धुवायची पावडर नको. हिरव्या पाण्याच्या तलावातून आल्यावर दर वेळी नुसत्या पाण्यानं पुसा आणि साबण दोन-तीन फेऱ्यांनंतर. वाळल्यावर लाइनीसाठीचं सिलिकॉनचं पॉलिश बोटभर लावून कोरडं पुसा. खोबरेल तेलानं धूळ बसते, ते लावू नका.

मोसम संपला की लाइन रीळवरून काढा. बिस्किटाच्या रिकाम्या गोल डब्याभोवती मोकळी वेटोळी घाला आणि घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. टिनाचं घर असेल तर फळीवर नको, खाली माठाजवळ ठेवा. खिळ्यावर टांगली तर खिळ्यापाशी कायमची घडी पडते.

एक स्वस्त युक्ती दुकानदार सहसा सांगत नाहीत. लाइन डबल टेपर असेल, म्हणजे दोन्ही टोकांना सारखी निमुळती असेल, तर पुढचं टोक झिजल्यावर ती उलटी करून बॅकिंगला बांधता येते. रीळवर आत दडलेलं टोक जवळपास कोरं असतं. वेट फॉरवर्ड लाइनीला हे जमत नाही, तिचं सगळं वजन एकाच टोकाला. बोडीवर किंवा छोट्या तलावावर लांब फेकायची गरज नसते, तिथे डबल टेपरच घ्यावी असं मी म्हणेन. मात्र तलाव कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून, परवानगी घेऊनच रॉड काढा.

पहिल्या दहा मीटरमध्ये गाभा उघडा पडला असेल तर लाइन संपली, गोंद लावत बसू नका. अशी लाइन किंवा तुटका तंगूस पाळीवर टाकू नका. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत सारस फिरतात, नवेगावबांधला हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात आणि नायलॉनच्या वेढ्यात अडकलेला पाय पक्ष्याला सोडवता येत नाही. बोटभर लांबीचे तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाका. जाळायची तर अजिबात नाही, पीव्हीसीच्या धुरातून आम्लाचा वायू निघतो. मागचा बारीक भाग चिरलेला नसेल तर तेवढा कापून ठेवा. चष्म्याला अडकवायची दोरी म्हणून तो चांगला चालतो, पाण्यात पडला तर तरंगतोही; चष्मा मात्र हलका हवा.